दुसऱ्या मजल्यावरची एकोणीस झुरळं

शिवणवाल्या मावशींना दुसऱ्या मजल्यावर राहायला येऊन आठ महिने झाले होते, आणि इमारतीत झुरळंही नेमकी आठ महिन्यांपासूनच आहेत, असं सेक्रेटरींचं ठाम मत होतं. मावशींनी ती जुन्या घरून कपड्यांच्या गाठोड्यांतून आणली म्हणे. महिनाअखेर खोली सोडा, अशी नोटीसही सेक्रेटरींनी दिली. मावशींचं सगळं गिऱ्हाईक चार गल्ल्यांतलं. खोली गेली तर मशीन मांडायचं कुठे?

त्याच आठवड्यात झुरळांच्या वंशावळीचा अभ्यास करणारी एक मुलगी आली. तिने घरोघर बरण्या वाटल्या. तळाशी पावाचा तुकडा, कडेला आतून मलम, म्हणजे पडलेलं झुरळ वर चढत नाही. दोन दिवसांनी पाहते तर बहुतेक बरण्या लखलखीत. परक्या पोरीसमोर घराची शोभा नको, म्हणून लोकांनी त्या आधीच मोरीत रिकाम्या करून घासल्या होत्या. मावशींनी मात्र मागितली तशी दिली. एकोणीस. सेक्रेटरींना आयताच पुरावा मिळाला.

भरलेली दुसरी बरणी आली ती सेक्रेटरींच्याच घरून. जावई कामावर असताना त्यांच्या सासूबाईंनी ती दिली, वर अजून हवीत का, असंही विचारलं. अभ्यासाला आलेल्या मुलीच्या सांगण्यावरून मावशी जुन्या घरी गेल्या, शेजारणीच्या ओट्याखाली बरणी लावली आणि तिसऱ्या दिवशी ती मांडीवर घेऊन बसने परत आल्या. शेजारी कोणी बसलं नाही.

महिना संपायला चार दिवस असताना मुलगी निकाल घेऊन आली. जिन्यातच सगळे जमले.

"मावशींची आणि सेक्रेटरीकाकांच्या घरची एकाच कुळातली आहेत," ती म्हणाली. "जुन्या घरची यांची कोणीच लागत नाहीत. आणि एवढा फरक पडायला वर्षानुवर्षं जातात, आठ महिने पुरत नाहीत."

सेक्रेटरी म्हणाले, शास्त्रातही चूक होऊ शकते.

"अहो जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "नात झाली तेव्हा मी आले होते ना, तेव्हाही ही झुरळं होती. पाहुणी म्हणून बोलले नाही, इतकंच."

नात आता कॉलेजात होती. सेक्रेटरींनी नोटीस मागे घेतली आणि सगळ्या घरांत एकदम औषध मारायचं ठरवलं. मावशी पायरीवरच बसल्या. खोलीचा भरवसा नाही म्हणून आठवडाभर मावशी जवळच्या शाळेच्या बाईंना नाही-नाही म्हणत होत्या; त्या दुपारी त्यांनी चाळीस गणवेशांचं काम घेतलं.