आपल्याच गटाला हाक

आमच्या विश्रामबागच्या घरात आता वायफायच्या दोन पेट्या आहेत, एक खाली आणि एक माडीवर. दोन्हींचं नाव एकच. माणूस जिना चढला की फोनने खालची सोडून वरची धरावी, अशी सोय. पण फोन खालचीच धरून बसतो, बोलणं तुटलं तरी सोडत नाही. मुलगी वैतागते. मला नवल वाटत नाही. नव्वदच्या दशकात मी एका साखर कारखान्याच्या वायरलेसवर बसत असे. तिथे माणसंसुद्धा हेच करायची.

मुख्य सेट माझ्या टेबलावर, ऊसाच्या गावांचे गट पाडलेले होते, त्या प्रत्येक गटाच्या ऑफिसात एक आणि शेतकी ओव्हरसियरांच्या जीपमध्ये एकेक. चॅनेल सगळ्यांचं एकच, म्हणून एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं की नुसती खरखर. जीपचा आवाज माझ्यापर्यंत थेट पोचत नसे. जीपच्या जवळचं ऑफिस तो ऐकून मला सांगे आणि माझं तिला कळवी. जीप डोंगराआड गेली की हे काम पलीकडच्या ऑफिसने करायचं. पण ओव्हरसियर कुठेही असले तरी हाक आपल्याच गटाला मारणार. परक्या गटाकडून निरोप द्यायचा म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. ती खरखर, खिडकीतून येणारा मळीचा वास, ‘ओव्हर’ म्हटल्यावरही बोलत राहणारी माणसं, हे सगळं मला अजून आठवतं आणि बरं वाटतं.

हंगामातल्या एका सकाळी कुंडलकडची एक बाई वायरलेसच्या खोलीच्या दारात आली. नवरा फौजेत.

“आवं बाई, काल तारंची ठिणगी पडली न् फड पेटला. आज टोळी न्हाई आली तर सगळा ऊस वाळतोय बघा.”

खरंच होतं. जळलेला ऊस लगेच तोडून गाळला नाही तर वजन जातं. कुंडल गटाची तोडणी टोळी मात्र त्या दिवशी डोंगरापलीकडे उंब्रज गटाच्या बाजूला होती आणि तिथलं आटपून पुढच्या गावाला निघायच्या बेतात होती. टोळीबरोबर ओव्हरसियरांची जीप होती. ट्रॅक्टर सुटले असते तर दिवस गेलाच असता.

मी कुंडलच्या ऑफिसला हाक दिली. कुंडलचा क्लार्क जीपला ओरडून ओरडून बोलावत राहिला. उत्तर नाही. मी उंब्रजच्या क्लार्कला विचारलं, “तुम्हाला जीप ऐकू येते का?”

“लख्ख येती.”

“मग बोलत का नाही?”

“ते कुंडलला हाका मारत्यात. मी कसा मधी तोंड घालू? गेल्या आठवड्यात घातलं तर म्हणाले, तुमच्या गटाचं तुमी बघा.”

तेवढ्यात कुंडल मध्येच बोललं, “आमची जीप हाय, आमीच बोलणार!”

“तुम्ही बटण सोडा,” मी म्हटलं. “जीप ज्याला ऐकू येते तो बोलेल. उंब्रज, तुमचं काही सांगू नका. मी म्हणते ते तिकडे जसंच्या तसं म्हणा, ते म्हणतील ते इकडे जसंच्या तसं.”

कुंडलने बटण सोडलं. मी निरोप सांगितला. बाई माझ्या खुर्चीमागून म्हणाली, “टोळीचं पाणी, भाकरी माज्याकडं म्हणावं.” तेही पाठवलं.

जरा वेळाने उंब्रज बोललं, “म्हणत्यात, गाड्या वळवतो. आन म्हणत्यात, ह्या उंब्रजवाल्याचा आवाज लय चिरका हाय. ओव्हर.”

जसंच्या तसं सांगा म्हटलं होतं, तसंच त्याने केलं.

बाई हसायलाही थांबली नाही. “चाळीसभर माणसं असतील न्हवं?” एवढं विचारून पदर खोचत पीठ मळायला निघाली. संध्याकाळी तिच्या उसाचा पहिला ट्रॅक्टर वजनकाट्यावर उभा होता. घरी जाताना मी ट्रॉलीतल्या एका कांडक्याला हात लावून पाहिला. वरून काळंकुट्ट होतं, पण मोडल्यावर आत रस भरलेला होता.