तिकडची केरा

"वास घेतल्याबिगर कुनाला व्हय म्हनू नगं," असं मायाक्का उठता-बसता म्हणायची. चहा पुढं केला तरी आधी कपावर नाक न्यायची, मग माझ्याकडं बघायची. मी काही तिचा वैरी नव्हतो. मोहोळच्या अलीकडं माझं रान. सुगी सरली की तिची मेंढरं त्यात बसायची. लेंडीखत मला, जोंधळा तिला. पण मूठभर हुंगल्याशिवाय तिनं माझा जोंधळा कधी पोत्यात ओतला नाही.

तिच्या कामातच ते होतं. मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं पोरकं कोकरू तिच्या कासेला लावायचं असलं, की मेलेल्याचं कातडं पोरक्याच्या पाठीवर बांधतात. मेंढी हुंगते, आपलंच समजते आणि पाजते. मायाक्कानं अशा पुष्कळ मेंढ्या फसवल्या होत्या. म्हणूनच तिला जिकडंतिकडं कातडं दिसायचं.

तिची एकुलती लेक केरा बाहत्तरच्या दुष्काळात बाळंतपणात गेली. जावई ईरप्पा सोलापुरात मागावर कामाला होता. पुढं त्यानं जगदेवीशी लग्न केलं. जगदेवीला आई नव्हती. तिचे दिवस भरत आले तेव्हा ईरप्पा तिला घेऊन माझ्या रानात, लिंबाखाली बसलेल्या मायाक्कापुढं येऊन उभा राहिला. पोरीच्या गळ्यात सवतीचा टाक होता, म्हणजे मेलेल्या पहिल्या बायकोच्या नावाचा चांदीचा पत्रा. तो घातला की पहिलीचं माहेर ते दुसरीचंही माहेर, अशी रीत.

"मामी, हिचं बाळंतपण तुमी करा. हिला दुसरं कोन न्हाय," ईरप्पा म्हणाला.

"टाक बांधून आनलास व्हय? मला काय मेंढी समजलास?"

"मामी, रीत हाय की..."

"कातडं बांधायची बी रीतच हाय!"

जगदेवी पोटावर हात धरून उभीच. कुणी तिला बस म्हणेना.

लिंबाखालीच माझ्याजवळ शुक्रवार पेठेतले रावजी मास्तर बसले होते. सुट्टीला ते माझ्याकडं येत. सगळं अवघडलं, तसं त्यांनी सकाळी माझ्याशी चाललेलंच बोलणं पुन्हा सुरू केलं. सूर्य, चांदण्या, हे सगळं धरून आपलं एक विश्व; पण विश्व एकच असेल असं नाही, याच्यापलीकडंही असतील, काही विद्वानांना तशी शंका येते.

मायाक्का वळली. "कुनी बगितलं?"

"कुणीच नाही, बाई. नुसती शंका."

"शंका तर मला बी येती. मला कोन इद्वान म्हनत न्हाय!"

मास्तर हसले. "कदाचित एखाद्या विश्वात असंच रान असेल, अशीच मायाक्का असेल. फक्त काही गोष्टी निराळ्या घडल्या असतील."

मेंढरं खाली माना घालून सावलीला चिकटली होती.

"म्हंजे तितं माजी केरा जगली आसंल?"

"असू शकेल. खात्री नाही."

लगेच तिचे डोळे बारीक झाले. "तुमाला कुनी शिकवून आनलंय? ह्या ईरप्पानं?"

"मी तर मास्तरला आजच बगतुया, मामी!"

तिनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. विश्वास बसला असं तोंडावर काही दिसलं नाही. मग ती स्वतःशीच बोलावं तशी बोलली, "केरा तितं जगली आसंल, तर ह्यो दुसरी करनार न्हाय. मग ही बिनआईची पोरगी तितं कुनाच्या दारात उभी आसंल?"

 

मायाक्का उठली, जगदेवीजवळ गेली आणि तिच्या गळ्यातला टाक काढू लागली. ईरप्पा ओरडला, "मामी, आपशकुन व्हतोय!" तिनं ऐकलं नाही. टाक स्वतःच्या पदराला बांधला. मग पोरीचं डोकं दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, केसांचा वास घेतला.

"केराचा न्हाय," ती म्हणाली. "तुजाच हाय." जगदेवी रडायला लागली. "रडतीस कशाला? चल. उनात कवापतोर उभी ऱ्हानार?"

ईरप्पानं पाऊल उचललं. "तू न्हाय," ती म्हणाली. "तुजा वास मला ठावं हाय."

पुढं मायाक्का, मागं सावकाश पाय टाकत जगदेवी, अशा दोघी रानाच्या कडेला असलेल्या तिच्या पालाकडं निघाल्या. पोरगी येतीय का, का हीही काही चाल आहे, म्हणून मायाक्का दर चार पावलांना मागं वळून बघत होती. आम्ही तिघं, ईरप्पा, मास्तर आणि मी, लिंबाखालून बघत राहिलो.