स्तामेनाबाईची काठी आणि बंबाची वाट

द्रेनोवाच्या नगरपालिकेचा नियम आहे, की वस्तीतल्या रस्त्यात साडेतीन मीटर जागा मोकळी हवी, म्हणजे आगीचा बंब आत जातो. गावात हा नियम एकट्या स्तामेना गाव्रिचनं वाचला होता, तोही पगार मिळायचा म्हणून. ती नगरपालिकेत रस्ते मोजायला होती. साडेतीन मीटरची काठी आडवी धरून चालायची. अडली की नोटीस.

आमच्याच गल्लीत, तोंडाशी असलेल्या तिच्या घराहून आत गेल्यावर, काठी विदोयेच्या जिन्याला अडली. विदोये निवृत्त बस ड्रायव्हर. जिन्याच्या तीन पायऱ्या त्यानं खुशाल रस्त्यात सोडलेल्या.

"वहिनी, एवढ्या जागेतून मी डोळे मिटून बस काढली असती," तो म्हणाला.

"तशीच चालवायचास. लोक अजून सांगतात."

तिनं त्याला एकामागून एक तीन नोटिसा दिल्या. तिन्हींत त्यानं चीज गुंडाळलं.

संत जॉर्जच्या दिवशी विदोयेकडे घराण्याच्या संताचं जेवण होतं. अंगणात अख्खं कोकरू भाजायला लावलेलं. भर दुपारी चरबीनं पेट घेतला आणि शेडचं छप्पर धडधडायला लागलं. बंब लगेच आला, पण जिन्यापर्यंत पोचलाच नाही. गल्लीच्या तोंडाशीच अडकला, स्तामेनाच्या कुंपणभिंतीला.

शेवटी पाहुण्यांनी पिंपातलं आंबवलेल्या कोबीचं पाणी ओतून आग विझवली. पाद्रीबुवांनी सूपही ओतलं. कोकरू खाल्लं सगळ्यांनी. कोबीसारखं लागत होतं.

स्तामेना काठी घेऊन आली. वीस वर्षांत स्वतःच्या दारात तिनं ती कधी धरली नव्हती. चाळीस सेंटिमीटर कमी भरले. गल्ली हसायला टपलेलीच होती.

"आमच्या ह्यांनी बांधली," ती म्हणाली. "दारू संपेपर्यंत विटा लावत गेले असतील."

तिथंच तिनं स्वतःच्या नावानं नोटीस लिहिली आणि पोच म्हणून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घण घेऊन उभी राहिली. पहिला घाव घालताना रडली, मग मेलेल्या नवऱ्याला नावानिशी शिव्या देत सुटली. तीन दिवस आम्ही खिडक्यांतून ऐकलं. चौथ्या दिवशी विदोये पहार घेऊन आला.

"वहिनी, तुम्ही भिंतीला गुदगुल्या करताय. सरका."

संध्याकाळपर्यंत भिंत आडवी झाली. विदोयेला वाटलं, आपलं माफ. बाईनं त्याला कॉफी पाजली आणि बशीखाली चौथी नोटीस ठेवली.

"बाई आहात की कोर्ट?"

"पायऱ्या तुझ्या घराच्या भिंतीलगत वळवून घे. पहार आहेच हातात."

आठवडाभर तो तिच्याशी बोलला नाही, पण पायऱ्या वळवल्या.

मग बंबवाले चाचणीला आले. गाडी थेट विदोयेच्या दारापर्यंत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनं काच खाली केली.

"बाई, आता वळवू कुठं?"

स्तामेनानं गल्लीचं बंद टोक पाहिलं, काठी विदोयेच्या हातात दिली आणि नियमाचं पुढचं पान वाचायला नगरपालिकेत गेली.