जानव्याची किल्ली आणि मॅग्नेटोमीटर

बी.एस्सी. व्हायला काय काय लागतं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुळजापूरच्या आमच्या गल्लीत पुजारी होते, मास्तर होते, कचेरीतले एक कारकून होते, पण फिजिक्स घेऊन पदवीधर झालेला माणूस औषधालाही नव्हता. त्यामुळं धाराशिवच्या नव्या कॉलेजात भिंतीवर डकवलेले नियम मीच वाचून आलो आणि जेवताना घरी ऐकवले. तासांना पाऊण हजेरी पाहिजे. प्रयोगांच्या वहीत प्रत्येक पानावर सरांची सही पाहिजे. लेखी पेपर सुटले पाहिजेत आणि प्रॅक्टिकल वेगळं सुटलं पाहिजे. लेखीत कितीही मार्क पाडा, प्रॅक्टिकलला आपटलात की पदवी नाही.

वडील भात कालवत होते. "पहिल्या फटक्यात पास झालास तर तुझं तू बघ," ते म्हणाले. "नाही झालास तर देवळातली आपली पाळी धर. माझे गुडघे आता किती दिवस चालायचे?"

देवळाचं मला वावडं नव्हतं. पण मला शिकवायचं होतं. कळंबच्या एका शाळेला सायन्सचा मास्तर मिळत नव्हता, आणि तिथल्या हेडमास्तरांनी "पदवी घेऊन ये, जागा तुझी" असं सांगून ठेवलं होतं. रात्रंदिवस मला तो फळा दिसायचा.

धाराशिवात खोली घेऊन राहायचं ठरलं तेव्हा आईनं ट्रंक भरली. शेंगांच्या पोळ्या, लाडू, काळा मसाला, आणि वर माझे कपडे. ट्रंकेला जाडजूड कुलूप लावलं आणि बोटभर लांबीची लोखंडी किल्ली माझ्या जानव्याला बांधली. आमच्याकडं पुरुषांच्या किल्ल्या जानव्यालाच असायच्या. खिसा फाटतो, सदरा खुंटीवर राहतो, जानवं काही अंगावरून उतरत नाही. आईनं दोरा पाण्यात भिजवला आणि गाठ दातांनी ओढली. "सुटली तर मला सांग," ती म्हणाली. दर श्रावणीला जानवं बदललं की ती पुन्हा तशीच गाठ मारायची.

खोलीत जोडीला वाशीकडचा एक मित्र होता, मेंढरं राखणाऱ्या घरातला. अंगानं आडदांड आणि भुकेला कायम तयार. मी आंघोळीला बसलो की तो माझ्या किल्लीकडं टक लावून बघायचा.

"देवीच्या खजिन्याची हाय का लाडवाची?" तो विचारायचा.

"लाडवाची."

"मग तर लईच जपाय पायजे."

लाडू अर्थातच दोघांनी मिळून संपवायचे असा करार होता, फक्त वेळ मी ठरवायची.

आमचे सर हैदराबादेत उर्दूतून शिकलेले. रंगात आले की चुंबकाला 'मकनातीस' म्हणायचे. त्यांचं लाडकं यंत्र म्हणजे मॅग्नेटोमीटर. लाकडी पट्टीच्या मधोमध एक गोल डबी, डबीत छोटी चुंबकसुई आणि तिला लांब काटा. पट्टीवर लोहचुंबक ठेवायचा, काटा किती अंश वळला ते डबीवर वाकून बरोबर वरून वाचायचं. पण आधी आजूबाजूचं लोखंड दूर करायचं. सर आमचे खिसे रिकामे करवून घेत. चाकू, सायकलीची किल्ली, पट्ट्याचं बक्कल, सगळं बाहेरच्या बाकावर. मी तर पेनसुद्धा ठेवून यायचो. जानव्याची किल्ली माझ्या मनातही आली नाही. आपला कान काय कुणी खिशातल्या वस्तूंत धरतो?

गंमत अशी की मित्रानं वाचलं की आकडे सरळ यायचे आणि मी वाचलं की भलतेच. एकाच जागी चुंबक ठेवून दोनदा वाचावं तर दोन उत्तरं. सर म्हणाले, तुझी नजर तिरकी पडते. मित्राचं निदान वेगळं होतं. "तुला बघितलं की सुई लाजती," तो म्हणाला. "म्या वाचतो, तू लिही." मग आम्ही तशीच वाटणी केली. तो काटा वाचायचा, मी हिशेब करायचो, वहीवर सही व्हायची, आणि शेवटचं वर्ष मजेत गेलं.

परीक्षेत मात्र जोडी नसते. बाहेरगावचे परीक्षक आले. सडपातळ, कमी बोलणारे, नाकावर माशी बसू न देणारे. ताटलीत चिठ्ठ्या ठेवल्या. मी तुळजाभवानीला म्हटलं, आई, सगळं दे, फक्त मॅग्नेटोमीटर देऊ नकोस. चिठ्ठी उघडली. मॅग्नेटोमीटरच. पलीकडच्या टेबलावर मित्र तारेचा प्रयोग मांडत होता. त्यानं माझं तोंड बघितलं आणि कपाळाला हात लावला.

सुरुवात केली आणि जे व्हायचं तेच झालं. एक वाचन डावीकडं पळालं, एक उजवीकडं. खोडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा खोडलं. निम्मा वेळ असाच गेला. डोळ्यांपुढं वडिलांचे गुडघे यायला लागले. कळंबचा फळा कुणीतरी पुसतंय असं वाटलं आणि खरं सांगतो, मला रडू आलं. परीक्षकांना दिसू नये म्हणून मी टेबलापासून मागं सरकून बाहीनं डोळे पुसले.

तेवढ्यात काटा हलला. कुणी हात लावला नव्हता. मी वाकलो, काटा जागेवरून सरकला. मी मागं सरलो, काटा जागेवर आला. पुन्हा वाकलो, पुन्हा तेच. आधी वाटलं, देवीचाच कोप. मग टेबलाची कड पोटाला लागली आणि सदऱ्याच्या आत काहीतरी टोचलं. इतकी वर्षं अंगावर बाळगलेली ती वस्तू लोखंडाची आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

गाठ सोडायला गेलो तर आईची गाठ ती, नखानं काय सुटते? चाकू बाहेरच्या बाकावर. जानवं तोडावं तर ऐन परीक्षेत तेवढी छाती नव्हती. मग हातानं मुंजीपासूनची सवय केली. गळ्यातून जानवं वर ओढलं, उजव्या कानाला विळखे घातले आणि किल्ली मानेमागं टाकली. वाकून बघितलं तर काटा गाईसारखा शांत.

मी धडाधड वाचनं घ्यायला लागलो. परीक्षक फिरत फिरत आले आणि माझ्या कानाकडं बघून थबकले. कानावर जानवं म्हणजे माणूस लघवीला निघाला, हाच अर्थ त्यांच्या घरीही होत असणार.

"जाऊन या," ते हळूच म्हणाले. "पण लवकर. वेळ वाढवून मिळणार नाही."

"नाही सर, मला तिकडं जायचं नाही."

"मग हे काय?"

"सर, लोखंड लांब ठेवलंय."

मी पाठमोरा होऊन मान दाखवली. सगळी प्रयोगशाळा हसली. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी मला किल्ली पुढं घेऊन वाकायला लावलं, मग मागं टाकून वाकायला लावलं. पहिल्यांदा काटा वळला, दुसऱ्यांदा शहाण्यासारखा जागेवर राहिला.

"ही किल्ली साधं लोखंड आहे की स्वतःच चुंबक झालीय," त्यांनी विचारलं, "कसं ओळखाल?"

"सुईच्या एका टोकाजवळ किल्लीचं एक टोक नेईन, मग दुसरं. दोन्हींना सुई जवळच आली तर साधं लोखंड. एकाला लांब पळाली तर चुंबक."

"करून दाखवा."

करणार कसं? किल्ली माझ्या कानाला. शेवटी परीक्षकांनीच किल्ली हातात धरली आणि डबीभोवती फिरवली, आणि तिच्यामागं माझं मुंडकं फिरलं. "सर, कान सांभाळा त्याचा," मित्र पलीकडून म्हणाला. तेव्हा कुठं परीक्षकांचे दात दिसले. किल्ली साधं लोखंडच निघाली. उरलेला प्रयोग मी कानावर जानवं ठेवूनच पुरा केला.

निकालाची बातमी घेऊन मित्रच एसटीनं तुळजापूरला आला. दारातूनच ओरडला, "पास! दोघंबी!" मग आईला म्हणाला, "काकू, आता ट्रंक उघडीच ठिवा." वडिलांनी त्याला पेढा दिला, मला जवळ घेतलं आणि माझ्या पाठीवर हात फिरवत राहिले. "गुडघ्यांचं मी बघतो," ते म्हणाले. "पाळीला पुतण्याला बोलावतो."

मी किल्लीची हकीकत सांगितली तेव्हा सगळे पोट धरून हसले. आई हसली नाही. "माझ्या गाठीनं तुला बुडवलं असतं की रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या सुईला चालतं काय मग?"

"पितळ, तांबं, चांदी."

"आणि लोखंड न्हाय."

"नाही."

"म्हणजे देवघरातलंच सोवळं की," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला.

जूनमध्ये मी कळंबला निघालो. ट्रंकेला पितळेचं नवं कुलूप होतं. आईनं मला पुढ्यात बसवलं, पितळेची किल्ली जानव्यात ओवली. दोरा ती भिजवेल, दातांनी ओढेल, म्हणून मी वाट बघत होतो. तिनं नुसती सुरगाठ मारली.

"ओढलीस की सुटंल," ती म्हणाली. "हितून पुढं तुझी तूच बांधायची."

मी मान हलवली. तिनं लाडवांचा डबा पुन्हा एकदा हलवून बघितला.

त्या वर्षीची श्रावणी कळंबात झाली. नवं जानवं घातलं आणि किल्ली घेऊन बसलो. सुरगाठ मारली, सोडली, परत मारली. मग उठून तांब्या घेतला, दोरा पाण्यात भिजवला आणि गाठ दातांनी ओढली.