सिस्टरांनी नापास केलेलं वायरिंग

आमच्या घरमालकीणबाईंच्या हातून पास झालेला इलेक्ट्रिशियन नळदुर्गात अजून जन्माला यायचा आहे. मी तिथल्या कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि बदली होईपर्यंत तिथेच राहिलो. बाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं, मीही तेच म्हणू लागलो. आयुष्यभर माणसं तपासली, आता रिकामपणी हाताला चैन पडत नाही म्हणून भिंती तपासतात, असा माझा आधी समज झाला होता. समोरच्या घरातल्या भाभींनी तो दूर केला. दवाखान्यात सुया उकळायच्या भांड्याचा शॉक लागून सिस्टरांची एक मैत्रीण मरता मरता वाचली होती, आणि तेव्हापासून वीज आणि वीजवाले या दोघांवरचाही त्यांचा विश्वास उडाला होता.

त्यांची तपासायची पद्धत दवाखान्यातलीच. इलेक्ट्रिशियन काम संपवून हात धुवायला गेला की सिस्टर उठायच्या. घरातलं जे जे म्हणून विजेवर चालतं ते सगळं एकाच वेळी सुरू करायच्या. पंखे, मिक्सर, इस्त्री, गिझर, पाण्याची मोटर. घर विमानासारखं घुमायला लागलं की प्रत्येक बोर्डापाशी जाऊन, लहान मुलाच्या कपाळाला लावावा तसा, हात उलटा करून लावायच्या. तळहात कधीच लावायचा नाही. तळहाताला शॉक बसला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून बसतो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मग डोळे मिटून थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि निदान करायच्या, "ह्याला ताप हाय." इलेक्ट्रिशियन बिचारा टॉवेल हातात घेऊन उभा. ताप नसला तर वास घ्यायच्या, वास नसला तर कान लावून कुरकुर ऐकायच्या, आणि काहीच सापडलं नाही तर बोर्ड उघडायला लावायच्या. आतल्या वायरी विस्कटलेल्या दिसल्या की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू ऑपरेशन करून कुणीतरी पोट न शिवताच निघून गेलं.

घरातली चुकार वीज जमिनीत उतरवायला अंगणात अर्थिंगचा खड्डा होता. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की त्याची ताकद जाते, म्हणून चैत्र लागला की सिस्टर त्या खड्ड्यावर काठी रोवून सलाईनची जुनी बाटली टांगायच्या आणि मिठाचं पाणी थेंब थेंब सोडायच्या. येणारेजाणारे विचारायचे, सिस्टर, कोण आजारी हाय? त्या गंभीरपणे सांगायच्या, "जमीन." एकदा हायवेवरच्या एका ढाब्यावर मी त्यांना जेवायला नेलं. ताट समोर आलं, आणि त्यांची नजर कूलरच्या वायरीवर गेली. तिचा जोड उघडा होता आणि खाली पाणी साचलेलं. मालकाने तो जोड टेप लावून बंद करेपर्यंत त्यांनी घास तोंडात घातला नाही, मलाही घालू दिला नाही, आणि शेजारच्या बाजेवर बसलेल्या दोन ट्रकवाल्यांनाही उठवून लांब बसवलं. भाकरी निवून गेली, पण जाताना मालक पाया पडला.

हे सगळं मी हसत हसत माझ्या वर्गात सांगत असे. पण एका गोष्टीचं मला कोडं होतं. सिस्टरांना एकुलता एक मुलगा. तो हैदराबादला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरीला. मोठी मोठी पॅनेलं जोडायचं काम, तिथे त्याला मान होता. दसऱ्या-दिवाळीला घरी यायचा, आईच्या गोळ्या आणायचा, तिला डॉक्टरकडे नेऊन आणायचा, पण घरातल्या विजेच्या वस्तूला बोट लावायचा नाही. एकदा त्याच्या डोक्यावरचाच बल्ब गेला. तो अंधारात तसाच जेवत राहिला आणि म्हणाला, "आई, उद्या कुणालातरी बोलाव."

याचंही उत्तर भाभींनीच दिलं. सिस्टरांचे यजमान मुलगा लहान असतानाच वारलेले. पोरगं आयटीआय होऊन बाहेर पडलं, त्याच सुमारास वरचा मजला बांधून झाला होता. अख्ख्या घराचं वायरिंग मीच करतो, दुसऱ्याला हात लावू देणार नाही, असा त्याने हट्ट धरला. ऊन म्हटलं नाही, जेवण म्हटलं नाही, भिंतीला छिन्नी मारून मारून हाताला फोड आणले. वास्तुशांतीला पाहुणे जमले. जेवणं व्हायच्या आधी सिस्टर उठल्या आणि सवयीप्रमाणे सगळं घर सुरू करून बोर्डांना हात लावत निघाल्या. पाहुणे कौतुकाने मागून. हॉलच्या बोर्डापाशी त्या थांबल्या. ताप होता.

पोरगं म्हणालं, "आई, पंख्याचा रेग्युलेटर हाय त्यो. गरम होतोच."

"ताप आलेला पेशंट बी असंच म्हणतो," सिस्टर म्हणाल्या, आणि पाहुणे खदखदून हसले. भाभी म्हणाल्या, "हम भी हसे, सर. तेव्हा वाटलं गंमत हाय." पोरानं पण हसल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी सोलापूरहून एक नावाजलेला माणूस बोलावून हॉलचा बोर्ड काढून टाकला आणि नवा बसवून घेतला. पोरगं दारात उभं राहून बघत होतं. त्याच महिन्यात ते हैदराबादच्या गाडीत बसलं.

मी हे ऐकलं तेव्हा सिस्टरांना काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या तशाच होत्या. सकाळी अंघोळ झाली की सगळ्या बोर्डांवरून राऊंड घ्यायच्या आणि मग चहा.

त्या वर्षीचा उन्हाळा फार कडक होता. हॉलमध्ये कूलर दिवसभर चालायचा. एका दुपारी मी पेपर परत द्यायला खाली उतरलो आणि दारातच जळक्या रबराचा वास आला. म्हटलं, सिस्टर, काहीतरी जळतंय. त्या लगेच उठल्या, हॉलच्या बोर्डाला हात उलटा करून लावला, डोळे मिटले. "ताप न्हाय, सर," त्या म्हणाल्या. मी शेजारी हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या. पुन्हा लावला आणि लावूनच ठेवला. मी धावत जाऊन मेन बंद केलं. परत आलो तरी त्या तशाच उभ्या होत्या. शुगर त्यांना बऱ्याच वर्षांची, तळपाय बधिर झालेले त्यांना ठाऊक होते, त्यावर त्या विनोदही करायच्या. हाताचं मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बहुधा स्वतःलाही नाही. वासही त्यांना आला नव्हता.

संध्याकाळी जळकोटचा एक इलेक्ट्रिशियन आला. हॉलचा बोर्ड उघडला तर आतला जोड ढिला राहून वायर काळी पडली होती. सिस्टरांनी घरातले सगळे बोर्ड उघडायला लावले. मी टॉर्च धरून त्याच्यामागे फिरलो. खालचे झाले, वरचे झाले. वायरी जिथल्या तिथे, जोड घट्ट. तो खाली येऊन म्हणाला, "बाकीच्याला हात लावू नका, सिस्टर. चोख हाय. कुणी केलंय?"

"पोरानं."

"आन् हॉलचं?"

"ते म्या करून घेतलं," सिस्टर म्हणाल्या. मग आजवर कुठल्याच इलेक्ट्रिशियनशी बोलल्या नसतील अशा आवाजात त्यांनी विचारलं, "पंख्याचा जुना रेग्युलेटर गरम होतो का हो?"

"होतोच की. त्याचं कामच तसं," तो स्क्रू आवळत म्हणाला. सिस्टर खुर्चीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मुलाला फोन लावून द्यायला सांगितलं. फोन त्यांना लावता येत होता, पण मी जवळ बसावं अशी त्यांची इच्छा असावी. आधी तब्येतीचं झालं, उन्हाचं झालं, भाभींच्या मुलीच्या लग्नाचं झालं. मग बोर्ड जळाल्याचं सांगितलं. तो घाबरला. मेन बंद केलं होतं का, तुला काही लागलं नाही ना, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिला. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "जळकोटचा माणूस आलता. त्यो म्हणतोय, तुझं काम लई चांगलं हाय."

 

"त्यो म्हणतोय व्हय," मुलगा म्हणाला. "बरं हाय." आणि कामावर जायचंय म्हणून त्याने फोन ठेवला.

सिस्टरांनी फोन टेबलावर उपडा ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "'मी म्हणते' असं म्हणायला पाहिजे होतं." मी म्हटलं, पुन्हा लावू का? त्या नको म्हणाल्या. तो कामात असेल. त्या दिवसानंतर सकाळची राऊंड बंद झाली. गल्लीतल्या कुणी नवं वायरिंग बघायला बोलावलं तर पाय दुखतात म्हणून सांगायच्या. इलेक्ट्रिशियन लोकांना आधी हायसं वाटलं, पुढे चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. एकजण तर काम झाल्यावर मुद्दाम येऊन म्हणाला, "सिस्टर, एकदा हात लावून जा." त्या गेल्या नाहीत.

पुढे माझी बदली झाली. पायाची जखम भरेना म्हणून मुलाने सिस्टरांना हैदराबादला नेलं. नळदुर्गचं घर बंद आहे, किल्ली भाभींकडे असते. मी अधूनमधून फोन करतो. परवा केला तेव्हा त्या फ्लॅटच्या गॅलरीत बसल्या होत्या. तिथे करमत नाही, बोलायला माणूस नाही, म्हणाल्या. मी गमतीने विचारलं, तिथलं वायरिंग तपासलं की नाही?

"न्हाय हो, सर. इथं सगळं भिंतीच्या आत. काय दिसतच न्हाय." मग म्हणाल्या, "पोरगं म्हणतंय नीट हाय. मग नीटच असंल."

मी म्हटलं, सिस्टर, हे त्याला सांगितलंत का?

"ड्यूटीवर गेलाय त्यो," त्या म्हणाल्या. "आल्यावर सांगते."