तिसऱ्या यंत्रापुरतं गवत

पाणीपुरवठा केंद्राचे ट्रॅक्टरकाका कुणाकडे गेले तरी आधी अंगण बघत, मग माणसं. केंद्राच्या आवारातलं गवत आणि झुडपं कापण्यात त्यांची हयात गेली होती. ट्रॅक्टरमागे जोडायचं कापणीयंत्र भंगारात गेलं, तेव्हा केंद्रप्रमुख मॅडमनी सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत नवं निवडा. नाहीतर ट्रॅक्टर विकू, आणि तुम्ही फाटकावर."

फाटकावर म्हणजे पहारेकऱ्याच्या स्टुलावर. काकांना ट्रॅक्टरच्या सीटखेरीज कुठे चैन पडत नसे. घरीही ते जेवायला पाय फाकवूनच बसत.

तीन विक्रेते यंत्रं घेऊन आले. पहिल्याचं यंत्र मोठ्या फिरत्या पात्याचं. त्यानं मनगटाएवढी झुडपं आडवी केली आणि दगड भिरकावून ऑफिसची काचही फोडली. दुसऱ्याच्या यंत्रात आडव्या दांड्याला लहान पाती लोंबत होती. दगड लागला की ती मागे वळत. काकांचा जीव त्याच यंत्रावर जडला. पण विक्रेत्याला चेव चढला आणि त्यानं उरलेलं आवार साफ करून टाकलं. तिसऱ्याच्या वाट्याला नुसती माती आली.

"हा माझ्यावर अन्याय आहे," तिसरा म्हणाला.

मॅडमना पटलं. "यांनाही गवत मिळाल्याशिवाय निवड नाही."

"मॅडम, ते उगवायला वेळ लागेल," काका म्हणाले.

"लागू दे."

"आणि महिनाअखेर?"

"ती आहेच."

दिवस कोरडे होते. जन्मभर ज्याची मुंडी छाटली त्या गवताला काका सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागले. पदरचं खतही टाकलं. डबा घेऊन आलेली बायको बघतच राहिली.

"अहो, घरातल्या माझ्या कुंड्यांकडे कधी ढुंकून पाहिलंत?"

"तुझ्या कुंड्यांवर माझी नोकरी नाही."

"मग त्यांत गवतच लावते."

गवत गुडघ्यापर्यंत आलं, दाट आणि लुसलुशीत. तिसरा विक्रेता यंत्र जोडत होता, तेवढ्यात मोठे साहेब तपासणीला आले आणि काठाशी थबकले. "सुंदर. याला कुणी हात लावायचा नाही." मॅडमनी मान डोलावली. विक्रेत्यानं यंत्र सोडवलं आणि कुणाचा निरोप न घेता गेला.

काका मॅडमच्या टेबलापुढे उभे राहिले. "मग मी फाटकावर ना?"

"छे हो. एवढ्या गवताला पाणी कोण घालणार? ट्रॅक्टरला टँकर जोडा."

काकांनी टँकर जोडला, सीटवर चढले. पहिल्या फेरीत सवयीनं मागे वळून पाहिलं. गवत जागच्या जागी उभं होतं, पाणी पिऊन आणखी ताठ.