तुंपंगाचा शेंडा

महापौर शहर सोडून चालले, ही बातमी बन्यूरेजोत फुटली ती दर्सोनोच्या तोंडून, आणि तीही त्याने तोंड घट्ट मिटून ठेवलं असताना.

झालं असं, की गुरुवारी संध्याकाळी महापौर सुंबोगोंनी त्याला आत बोलावलं. दर्सोनो त्यांच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक सांभाळायचा. दहा वर्षं सांभाळत होता, म्हणजे दहा वर्षं ते मोडताना पाहत होता.

"जकार्ताहून फोन होता," सुंबोगो खिडकीबाहेर बघत म्हणाले. "राष्ट्रीय पाणी मंडळाचे प्रमुख व्हा म्हणतायत. बुधवारी शपथ. सोमवारी इथे निरोपाचं तुंपंग सांग, वार्सितीबाईंकडूनच. आणि कुणाला बोलायचं नाही."

"बापाक, जीव गेला तरी नाही!"

आमच्याकडे बापालाही बापाक आणि साहेबालाही बापाकच, त्यामुळे साहेबावर धड रागावताही येत नाही.

दर्सोनो थेट फुटबॉलच्या मैदानावर गेला. जुना बाजार जळाल्यापासून अडीचशे बायका तिथे पत्र्याच्या शेडमध्ये मासळी, सोयाबीनचे तेंपे, मिरच्या विकत बसल्या होत्या. पिवळ्या भाताचा डोंगर, म्हणजे तुंपंग, रचावा तर त्यांच्यातल्या वार्सितीबाईंनीच.

"किती माणसांचं?" बाईंनी विचारलं.

"शंभर."

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे? भाताचं!"

"अरे दादा, पोर झालं तर डोंगराभोवती वेगळे पदार्थ मांडायचे, घर बांधलं तर वेगळे. निमित्त सांगितल्याशिवाय मी रांधू काय?"

"निमित्त काही नाही, इबू," तो आईला म्हणावं तसं म्हणाला. "असंच."

"असंच म्हणून शंभर माणसांचा डोंगर कोण उकडतं रे?"

"बढतीला करतात तसं करा," दर्सोनो कसाबसा म्हणाला.

"तुझी बढती?"

"माझी कसली डोंबलाची!"

संपलं. त्याने नाव घेतलं नव्हतं, शहर घेतलं नव्हतं, पद घेतलं नव्हतं. पण तो स्कूटरला किक मारेपर्यंत मासळीच्या ओळीतून बातमी मिरच्यांच्या ओळीत गेली होती, आणि त्याच्याकडे बघून कुणी हसत नव्हतं.

निरोप न घेता निघून जाणं आमच्याकडे फार लागतं. त्यात सुंबोगोंनी या बायकांना शब्द दिला होता. आगीच्या दुसऱ्या दिवशी राखेत रबरी बूट घालून उभं राहून ते म्हणाले होते, "नवा बाजार मी असताना उघडेल. पुढच्या ओळीत तुम्हीच बसाल, जुन्या क्रमाने. तुंपंग मी कापीन." बाजार बांधून झाला होता, फरशी बसली होती. फक्त उघडायचा होता. आणि पुढची ओळ मिळावी म्हणून शहरातले मोबाइलवाले नि कपडेवाले उपमहापौरांच्या ओसरीवर चपला झिजवत होते.

आता सुंबोगो हा माणूस कसा, तर मुळात नळाचा. सायकल दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, बाविसाव्या वर्षी नगरपालिकेच्या पाणी खात्यात मीटर वाचायला लागला. खात्यातल्या म्हाताऱ्या फिटरने त्याला एक लोखंडी गज दिला होता. गजाचं एक टोक जमिनीवर टेकवायचं, दुसरं कानाशी. खाली गळती असेल तर ऐकू येते. सुंबोगोंचा कान त्या गजाला लागला तो लागलाच. संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन ते इंजिनियर झाले, खात्याचे प्रमुख झाले. शहराचं अर्धं पाणी जमिनीत मुरत होतं, ते त्यांनी नळाला आणलं, आणि लोकांनी त्यांना उचलून महापौर केलं, दोनदा. पण स्वस्थपणा काही आला नाही. सिग्नलला गाडी थांबली की मागचं दार उघडायचं. दर्सोनोने वळून बघावं तर सीटवर चपला, आणि महापौर बूट घालून गटाराशी कान लावून बसलेले. एकदा राजदूत भेटायला आले, तेव्हा महापौर त्यांच्याशी बोलता बोलता मोरीत गेले आणि वायसर बदलूनच बाहेर आले.

"कुठेतरी गळतंय," ते नेहमी म्हणायचे. बायको म्हणायची, "यांच्या डोक्यात गळतंय."

सोमवारी सभागृह पाहुण्यांनी भरलं. सगळे कडक बातिकच्या शर्टात. वार्सितीबाई आणि चौघीजणी वेताच्या मोठ्या सुपातून तुंपंग घेऊन आल्या आणि ते टेबलावर ठेवलं. दर्सोनो सुरी घेऊन पुढे झाला आणि थिजला.

डोंगराला शेंडा नव्हता. वरून सपाट, ज्वालामुखी फुटून गेल्यावर राहावा तसा. तुंपंगाचा शेंडाच कापायचा असतो, आणि तो मानाच्या माणसाला द्यायचा असतो. आता कापायचं काय?

"शेंडा माझ्याकडे आहे," वार्सितीबाई म्हणाल्या. "नवा बाजार उघडेल त्या दिवशी बसवू."

"इबू, मी तुम्हाला सांगणारच होतो..."

"कधी, बापाक? गाडी सुटल्यावर?"

दहा वर्षांत विरोधी पक्षाला जमलं नाही ते त्या बाईने चार शब्दांत केलं. सुंबोगो खाली बघायला लागले. मग त्यांनी बाजूनेच चमचाभर भात उचलला, पाहुण्यांनीही बाजूबाजूनेच खाल्ला, आणि दर्सोनोला तो शंभर जणांचा भात एकट्याच्या छातीवर ठेवल्यासारखा वाटला. आपण तोंड उघडलं नसतं तर बापाकांनी शनिवार-रविवारात स्वतः जाऊन नीट निरोप घेतला असता. हे आपण केलं.

जकार्ताला सुंबोगोंनी त्यालाही नेलं. बारावा मजला, पाय रुतेल असा गालिचा, न उघडणाऱ्या खिडक्या. अख्ख्या देशाचं पाणी हाताखाली, आणि खोलीत प्यायला बाटली. पहिल्याच आठवड्यात प्रमुख हरवले. दोन सचिव, एक सुरक्षा अधिकारी शोधत फिरले. दर्सोनो मात्र सरळ तळघरात उतरला. साहेब पंपवाल्यांबरोबर कॉफी पीत उकिडवे बसले होते, एक कान पाइपाला.

"वर बैठक खोळंबलीय, बापाक."

"चालू दे. इथे सील गेलंय."

आणि दर शुक्रवारी सकाळी दर्सोनोच्या फोनवर एक फोटो यायचा. केळीच्या पानावर पिवळ्या भाताचा टोकदार शेंडा. खाली वार्सितीबाईंचा निरोप: "मागचा आंबला. नवा केला. बाजार अजून बंदच."

कारण विचारलं की नवे प्रभारी महापौर, म्हणजे जुने उपमहापौर, हात जोडून सांगायचे, "नळाला पाणीच नाही हो! पाण्याशिवाय मासळी बाजार उघडू कसा? पाणी आलं की दुसऱ्या मिनिटाला उघडतो." माणूस वाईट नव्हता, पण ओसरीवरची गर्दी त्याला आवडायला लागली होती. पाणी येईना तसं कपडेवाले म्हणू लागले, मासळी राहू द्या मैदानावर, आम्हाला पाण्याची गरज नाही, आम्हीच बसतो पुढे.

सुंबोगो फोटो बघायचे, फोन परत द्यायचे, आणि खोलीत येरझारा घालायचे. गालिच्यावर वाट पडली होती.

सातव्या शुक्रवारी सकाळी मंडळाच्या अंगणात सामुदायिक व्यायाम चालला होता. कर्कश संगीत, तीनशे कर्मचारी, डावा हात वर, उजवा हात वर. प्रमुख पहिल्या रांगेत, हिरव्या ट्रॅकसूटमध्ये. दर्सोनोचा फोन वाजला. आज फोटोखाली एवढंच होतं: "सोमवारी पुढच्या ओळीच्या चाव्या कपडेवाल्यांना देतायत. हा शेवटचा शेंडा."

सुंबोगोंचा डावा हात वर होता, तो तसाच राहिला. मग ते रांगेतून बाहेर पडले, फाटकातून बाहेर पडले, आणि दर्सोनोने धावत गाठेपर्यंत टॅक्सीत बसले होते.

"अहो बापाक, कपडे तरी!"

"गज घेतलास का?"

सहा तास रेल्वेत माणूस बसला नाही. दोन डब्यांच्या मधल्या जागेत उभा. दर्सोनो म्हणत होता, "तुम्ही आता तिथले महापौर नाही. शहराच्या कारभारात तुम्हाला बोलता येत नाही. पेपरात येईल."

"मी बोलणारच नाही," सुंबोगो म्हणाले.

आणि खरंच बोलले नाहीत. नव्या बाजाराच्या दारातलं चिंचेचं झाड आगीतून वाचलं होतं. त्याच्या बुंध्याला पाठ लावून हिरव्या ट्रॅकसूटमधल्या त्या माणसाने उत्तरेकडे चौदा पावलं मोजली, गज टेकवला, कान लावला. मैदानावरच्या बायका एकेक करत जमल्या. सुंबोगोंनी दोन पावलं डावीकडे सरकून पुन्हा कान लावला आणि बोट दाखवलं. तीस वर्षांपूर्वी तिथली झडप बसवताना तो फिटर वाकला होता आणि कंदील यांच्याच हातात होता. ठेकेदाराने त्यावर सुबकपणे फरसबंदी करून टाकली होती, आणि नकाशात काही ती नव्हती.

फरशा उचलायला वार्सितीबाईंनीच पहिला हात घातला. खाली झडप निघाली, बांधकामाच्या वेळी बंद केलेली ती तशीच. किल्ली फिरली, जमिनीत घरघर झाली, आणि मासळीच्या ओट्यावरचा नळ आधी खोकला, मग तांबूस थुंकला, मग धो धो वाहायला लागला.

प्रभारी महापौर धापा टाकत आले. "वा! वा! आता तारीख ठरवू..."

"दुसरं मिनिट संपत आलं, बापाक," वार्सितीबाई म्हणाल्या.

अडीचशे बायका बघत होत्या. प्रभारींनी बिचाऱ्यांनी खिशातून चाव्या काढल्या आणि जुन्या क्रमाने वाटल्या. केळीच्या पानावरचा शेंडा टोपलीभर भातावर बसला. बाईंनी सुरी सुंबोगोंपुढे धरली. त्यांनी ती प्रभारींच्या हातात दिली, "शहर यांचं आहे" म्हणाले, आणि स्वतः नळाखाली बादली लावायला गेले.

दर्सोनो त्यांच्या मागे गेला. सात आठवडे छातीवर होतं ते आता राहवेना.

"बापाक, त्या गुरुवारची बातमी माझ्याकडूनच फुटली. तुम्ही बजावलं होतंत, तरी माझ्या तोंडून निघून गेली. मला माफ करा."

सुंबोगोंनी भरलेली बादली बाजूला सरकवली आणि दुसरी लावली.

"या बायकांना तोंडाने सांगायची माझी छाती नव्हती, म्हणूनच तुला सांगितलं होतं."